साखरेशिवाय चॉकलेट-हेझलनट स्प्रेड: गोळा का होतो, कचकचतो का, आणि जमतो कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना मधुमेह, घरात लहान मुलं, आणि सगळ्यांना चालेल असा बिनसाखरेचा चॉकलेट-हेझलनट स्प्रेड घरी करायचा आहे. दोनदा करून झाला. पहिल्या खेपेला वाटताना घट्ट वाटला म्हणून चमचाभर दूध घातलं, तर सगळ्याचा गोळा झाला. दुसऱ्या खेपेला दूध टाळलं आणि एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते दाणेदार गोडकारक) घातलं, तर स्प्रेड वाळूसारखा कचकचला, तोंडात पेपरमिंटसारखा गार लागला आणि दोन दिवसांत वर तेल तरंगलं. आता खजूर घालून पाहावा का, आणि केलेला स्प्रेड टिकतो किती?

मी बरीच वर्षं चॉकलेट आणि नट-पेस्टचं काम करते आहे, आणि हे सगळे प्रकार माझ्या हातूनही झालेत. त्यामुळे कृतीच्या आधी थोडं कारणांबद्दल बोलते. कारण कळलं की कृतीतलं अर्धं आपोआप सुचतं.

बाजारातल्या बरणीत साखर नुसती गोडीसाठी नसते. नुटेलाचं युरोपातलं लेबल पाहा: १०० ग्रॅममध्ये साखर ५६.३ ग्रॅम आणि हेझलनट १३ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त बरणी साखरेचीच. ही साखर इतकी बारीक दळलेली असते की जिभेला कण लागत नाही. ती स्प्रेडला अंग देते, तेलाला धरून ठेवते, आणि मुख्य म्हणजे बाकीच्यांची पापं झाकते. कोकोचा कडवटपणा, सालांचा तुरटपणा, जरा जास्त भाजल्याचा करपट वास, सगळं तिच्याखाली दडून जातं. साखर काढली की बरणीत मोठी जागा रिकामी होते आणि झाकलेलं सगळं उघडं पडतं. ती जागा तेवढ्याच वजनाच्या गोडकारकाने भरायला गेलं की तुमची दुसरी खेप होते. पातळ काहीतरी ओतून भरायला गेलं की पहिली.

जागा हेझलनटने भरायची, एवढंच माझं सांगणं. गोडकारक चवीपुरता. खरं तर या पदार्थाचा जन्मही असाच झाला असं सांगतात. नेपोलियनच्या नाकेबंदीच्या काळात इटलीतल्या पिएमोंते भागात कोको दुर्मीळ आणि महाग झाला, तेव्हा तुरिनच्या मिठाईवाल्यांनी स्थानिक हेझलनट वाटून चॉकलेट वाढवायला सुरुवात केली. त्यालाच पुढे जांदुया नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोची पुन्हा टंचाई होती तेव्हा, १९४६ साली, पिएत्रो फेरेरो या इटालियन मिठाईवाल्याने त्याच कल्पनेवर आपली वडी काढली, आणि १९६४ मध्ये नुटेला नावाची बरणी आली. कोको वाचवायला हेझलनट आला आणि आज त्याच बरणीत हेझलनटपेक्षा साखर चौपट आहे. असो.

दोन गैरसमज आधीच दूर करते, कारण घरात मधुमेही माणूस आहे. एक, घरचा स्प्रेड काटेकोर अर्थाने ‘शुगर-फ्री’ नसतो, ‘वरून साखर न घातलेला’ असतो. लेबलच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शुगर-फ्री म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमच्या वर नको, आणि हेझलनटमध्येच नैसर्गिक साखर ४ टक्क्यांच्या आसपास असते. मी खाली देते त्या मापात १०० ग्रॅम स्प्रेडमागे ती साधारण ३ ग्रॅम भरते. छप्पनच्या तुलनेत ही किरकोळ आहे, पण शून्य नाही. दुसरा गैरसमज उष्मांकांचा. हेझलनटमध्ये ६० टक्के तेल असतं. त्यामुळे आपला स्प्रेड १०० ग्रॅमला ५५० किलोकॅलरीच्या आसपास जातो आणि नुटेला ५३९. फरक काहीच नाही! रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने हा स्प्रेड खूपच बरा, वजनाच्या दृष्टीने अजिबात नाही. छोटा चमचा, १५ ग्रॅम, ८० किलोकॅलरी धरून चाला.

आता गोडकारक. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

एरिथ्रिटॉल साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड असतं, रक्तातली साखर वाढवत नाही आणि बाकी पॉलिओलच्या (झायलिटॉल, माल्टिटॉल अशा साखरेच्या पर्यायांच्या) मानाने पोटाला सोसतं, कारण त्याचा बहुतेक भाग लहान आतड्यात शोषला जाऊन लघवीवाटे तसाच बाहेर पडतो. पण स्प्रेडमध्ये त्याचे दोन दुर्गुण नडतात. पहिला कचकच. ते तेलात विरघळत नाही. विरघळेल या आशेने तुम्ही कितीही ढवळलंत तरी दाणा दाण्यासारखाच राहणार. जिभेला साधारण २५ ते ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा कण जाणवतो आणि घरचा मिक्सर तिथवर पोचत नाही. दुसरा दुर्गुण गारवा. कोणताही स्फटिक लाळेत विरघळताना थोडी उष्णता ओढून घेतो. साखर ग्रॅममागे जेमतेम ४ कॅलरी उष्णता ओढते, एरिथ्रिटॉल ४३. दहापट. तुम्हाला लागलेलं पेपरमिंट ते हेच. यावर औषध नाही, प्रमाण कमी ठेवणं एवढाच उपाय.

झायलिटॉल साखरेइतकंच गोड आहे, पण गारवा त्यालाही आहे, उष्मांक ग्रॅमला २.४ आहेत आणि थोडं जास्त झालं की पोट बिघडवतं. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल घरातच आणू नका. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीला उतरते, आणि स्प्रेडचा चाटलेला चमचा कुत्र्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

माल्टिटॉल टाळा. चवीला आणि पोताला ते साखरेच्या सगळ्यात जवळचं, म्हणूनच शुगर-फ्री म्हणून विकल्या जाणाऱ्या चॉकलेटांत सर्रास असतं. पण ते रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढवतं. माल्टिटॉल सिरप तर आणखीच. स्प्रेडसाठी तयार शुगर-फ्री चॉकलेट वितळवून घालायचा विचार असेल तर पाकिटाच्या मागे हे नाव आहे का ते आधी पाहा.

अॅल्युलोज मिळालं तर माझी पहिली पसंती त्याला. गोडी साखरेच्या ७० टक्के, उष्मांक ग्रॅमला ०.४, आणि एरिथ्रिटॉलसारखा गारवा नाही. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने २०१९ पासून लेबलवरच्या साखरेच्या आकड्यात ते न धरण्याची मुभा दिली आहे. सगळ्या देशांत त्याला मान्यता नाही, त्यामुळे मिळेलच असं नाही. शिवाय ते हवेतली ओल ओढतं, तेव्हा दळलं की लगेच वापरायचं, वाटीत उघडं ठेवायचं नाही.

स्टीव्हियाचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. एकट्या त्याच्यावर स्प्रेड गोड करायला गेलात तर जीभ कडू होते आणि ज्येष्ठमधासारखी चव मागे रेंगाळते. पण दुसऱ्याच्या जोडीला चिमूटभर दिला तर तो गुणी आहे. अडचण मोजण्याची. पाव ग्रॅम घरच्या काट्यावर मोजता येत नाही. म्हणून मी २०० ग्रॅम दळलेल्या एरिथ्रिटॉलमध्ये १ ग्रॅम स्टीव्हिया घालून, पुन्हा एकदा मिक्सरमधून फिरवून, मिश्रण बरणीत भरून ठेवते. त्यातलं ५० ग्रॅम घेतलं की पाव ग्रॅम स्टीव्हिया बरोबर आला. ही युक्ती सुचेपर्यंत माझे किती घाणे कडू झाले ते विचारू नका. मात्र स्टीव्हिया विकत घेताना तो शुद्ध अर्क आहे की त्यात आधीच काही मिसळलेलं आहे ते वाचा. मिसळलेला असेल तर हे प्रमाण लागू नाही.

वडिलांसाठी एक गोष्ट कानावर घालते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. पुढच्या वर्षी, १० निरोगी माणसांना एका वेळी ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल दिल्यावर त्यांच्या रक्तबिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) जास्त चिकट झाल्याचं दिसलं. पहिल्या अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही, कारण आपलं शरीरही थोडं एरिथ्रिटॉल तयार करतं. दुसरा अभ्यास फार छोटा. आपल्या स्प्रेडच्या एका चमच्यात ते दोन ग्रॅमही नसतं. तरी वडिलांना हृदयाचा त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि तोवर अॅल्युलोज वापरा किंवा गोडकारक निम्मा करा.

खजुराबद्दल विचारलंत. घालू नका. खजुरात तब्बल ६० ते ६५ टक्के साखर असते. ती नैसर्गिक आहे, सोबत तंतू आहेत, हे खरं. पण मधुमेही माणसासाठी केलेल्या पदार्थाला त्यानंतर बिनसाखरेचा म्हणता येणार नाही. मध आणि गूळ यांचंही तेच. शिवाय खजुरात पाणी असतं आणि पाण्याशी या स्प्रेडचं वैर आहे. दूध पावडरचाही असाच एक छुपा घोटाळा आहे. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मं वजन लॅक्टोजचं, म्हणजे दुधातल्या साखरेचं असतं. ‘लॅक्टोज-फ्री’ पावडर घेतली तरी सुटका नाही. त्यात लॅक्टोज तोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं, साखर तेवढीच राहते.

आता साहित्य. सोललेले भाजके हेझलनट ३०० ग्रॅम (सालासकट कच्चे ३३० ते ३४० ग्रॅम घ्या), अल्कलीप्रक्रिया केलेली बिनसाखरेची कोको पावडर ३५ ग्रॅम, वर सांगितलेलं एरिथ्रिटॉल-स्टीव्हिया मिश्रण किंवा दळलेलं अॅल्युलोज ५० ग्रॅम, कोको बटर (कोकोच्या बियांतली घट्ट चरबी) २० ग्रॅम, लागलंच तर वासरहित तेल १० ग्रॅमपर्यंत, बारीक मीठ १ ग्रॅम, आणि व्हॅनिलाची शेंग खरवडून काढलेल्या बिया किंवा व्हॅनिला पावडर. साधारण ४१५ ग्रॅम स्प्रेड होतो. व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीत पाणी किंवा अल्कोहोल असतं, ती दूर ठेवा.

नट घेताना एक दाणा फोडून चावून पाहा. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर भाजून तो जात नाही, उलट वाढतो. बुरशीचा डाग असलेला दाणा सरळ फेका, कापून उरलेला वापरायचा नाही.

भाजणं १५० अंश सेल्सिअसला, एका थरात, १५ मिनिटांच्या आसपास. घड्याळावर विसंबू नका. दहाव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी एक दाणा मधोमध फोडा. आतला रंग पांढऱ्याचा फिक्या बिस्किटासारखा झाला की लगेच बाहेर काढा आणि गरम ट्रेमधून उतरवा, कारण ट्रेवर ते भाजतच राहतात. साखरेच्या स्प्रेडला मी याहून दोन मिनिटं जास्त देते. इथे देत नाही. हेझलनटचा जो ओळखीचा सुगंध आहे, त्यातला मुख्य घटक फिल्बर्टोन, भाजल्यावर वाढतो. पण रंग गडद होईपर्यंत थांबलं की कडवट चव चढते आणि ती झाकायला साखर नाही.

सालांचंही तेच. त्यांत टॅनिन असतं, त्याने जीभ आवळल्यासारखी होते. गरम दाणे जाड सुती कापडात गुंडाळून दहा मिनिटं तसेच वाफेत ठेवायचे आणि मग कापडातच जोरात घासायचे. बहुतेक सालं सुटतात. काही दाणे हट्टी असतात, ते बाजूला काढून खाऊन टाका, स्प्रेडमध्ये घालू नका. अगदी चकचकीत सोललेले हवे असतील तर दुसरी रीत आहे: अर्धा लिटर उकळत्या पाण्यात तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात कपभर कच्चे दाणे तीन-चार मिनिटं उकळायचे. पाणी शाईसारखं काळं होतं, फेस वर येतो (पातेलं मोठं घ्या, ओतू जातं), आणि गार पाण्यात टाकल्यावर साल चिमटीत निसटतं. पण दाणा पाणी पितो. नंतर स्वच्छ धुऊन, मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून मग भाजावा लागतो. वाळवण्यात आळस झाला तर पेस्ट कधीच सैल होत नाही. मी घासण्याचीच रीत वापरते.

आता वाटणं. इथे मात्र जरा सावकाश वाचा, कारण तुमचा पहिला गोळा इथेच झाला.

भांडं आणि पातं ठणठणीत कोरडं हवं. धुऊन पुसलेलं भांडं कोरडं नसतं, पात्याच्या तळाशी थेंब दडलेला असतो. भांडं दोन मिनिटं कोमट ओव्हनमध्ये ठेवा किंवा आदल्या दिवशी धुऊन ठेवा. दाणे कोमट असतानाच घाला, गार दाण्यांना तेल सोडायला वेळ लागतो. भांडं लहान घ्या. पातं दाण्यांत बुडलं पाहिजे, नाहीतर दाणे नुसते भिंतीवर उडत बसतात.

पहिल्या मिनिटात भरड पूड होते. मग पूड ओलसर होऊन भिंतीला चिकटायला लागते आणि पुढे एक क्षण येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, जेव्हा सगळं मिळून एक जड लगदा होतो आणि पातं त्याखाली नुसतं फिरत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, बिघडलं, कोरडं पडलं, काहीतरी ओलं घालायला हवं. नेमक्या याच क्षणी तुम्ही दूध घातलंत. काही घालायचं नाही. मिक्सर बंद करायचा, भिंती खरवडायच्या, मोटरला एक मिनिट विश्रांती द्यायची, पुन्हा एक मिनिट फिरवायचं. तेल दाण्यांच्या पेशींत कोंडलेलं असतं, पातं त्या फोडत असतं. पुरेशा पेशी फुटल्या की दोन-तीन फेऱ्यांत लगदा अचानक ढिला होतो, चमकतो, आणि चमच्यावरून रिबिनीसारखा ओघळतो. सगळे मिळून आठ ते बारा मिनिटं लागतात. पेस्ट हाताला गरम लागेल, ते चालतं. मोटरचा वास यायला लागला तर मात्र पाच मिनिटं थांबा.

दुधाने गोळा का झाला, तेही सांगते. पेस्टमध्ये कोको आणि प्रथिनांचे कोरडे कण तेलात सुटे पोहत असतात. त्यांना तेलापेक्षा पाणी जास्त प्रिय. चमचाभर पाणी आलं की ते त्या पाण्याभोवती एकमेकांना चिकटतात आणि सगळं आवळतं. थोडं पाणी म्हणजे गोळा. भरपूर पाणी म्हणजे वेगळाच पदार्थ, त्याच्याकडे शेवटी येते.

पेस्ट ओघळायला लागल्यावरच बाकीचं घालायचं. कोको आणि मीठ चाळणीने चाळून. नैसर्गिक कोको आंबटसर असतो आणि साखर नसताना तो आंबटपणा टोचतो, म्हणून अल्कलीप्रक्रिया केलेला सांगितला. ३५ ग्रॅमच्या वर जाऊ नका. कोको वाढवला की तो सांभाळायला गोडकारक वाढवावा लागतो आणि आपण पुन्हा कचकचीवर येतो. मीठ विसरू नका, ते कडवटपणा दाबतं, चवीला खारट लागायची गरज नाही. गोडकारक आधी वेगळ्या कोरड्या भांड्यात धुळीइतका बारीक दळायचा, झाकण उघडायच्या आधी मिनिटभर धूळ बसू द्यायची (नाहीतर नाकातोंडात जाते), अगदी बारीक चाळणीने चाळायचा आणि वर राहिलेले कण पुन्हा दळायचे. मग पेस्टमध्ये घालून आणखी तीन मिनिटं फिरवायचं. जाड पेस्टमध्ये कण एकमेकांवर घासून आणखी थोडे बारीक होतात.

एवढं करूनही बाजारच्या बरणीचा रेशमी पोत येणार नाही. दगडी पाट्यांचं छोटं चॉकलेट-यंत्र, ज्याला मेलँजर म्हणतात, काही तास चालवलं तर येतो. मिक्सरमधून जे येतं त्यात हलकासा दाणेदारपणा असतो, आणि मला विचाराल तर भाजक्या हेझलनटच्या स्प्रेडला तो शोभतो.

तेल तरंगण्याबद्दल. हेझलनटचं तेल खोलीच्या तापमानाला द्रव असतं आणि जड कण हळूहळू खाली बसतात, त्यामुळे तेल वर येतंच. त्याला धरायला थोडी घट्ट होणारी चरबी लागते. कारखान्यात ते काम पाम तेल करतं, आपण कोको बटरकडून करून घेऊ. ते वेगळं वितळवून पेस्टमध्ये मिसळा, आणि नंतरची पायरी चुकवू नका: पातेलं गार पाण्यात ठेवून (पाण्याचा थेंबही आत उडू न देता) मिश्रण हाताला कोमट लागेनासं होईपर्यंत सावकाश ढवळत राहा, मग बरणीत भरा. ढवळत गार केलं की कोको बटरचे बारीक स्फटिक सगळीकडे सारखे पसरतात आणि त्यांच्या जाळीत तेल अडकतं. गरमच भरून फ्रीजमध्ये टाकलं तर वर तेल आणि तळाला दगड. खोबऱ्याचं तेल वापरलं तरी चालतं, पण ते २४-२५ अंशांना वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात स्प्रेड पाण्यासारखा आणि थंडीत विटेसारखा. सूर्यफुलाचं लेसिथिन (तेल आणि कण एकजीव करणारा पदार्थ) हाताशी असेल तर ग्रॅमभर घाला, पेस्ट लगेच सैल होते आणि जादा तेल लागत नाही. दोन ग्रॅमच्या पुढे मात्र गेलं की उलट घट्ट व्हायला लागते. इतकं करूनही आठवड्याने थोडं तेल वर आलं तर तो दोष नाही, ढवळा आणि खा.

गोडी गरम असताना ठरवू नका. रात्रभर ठेवा, सकाळी चाखा. कोकोची धार तोवर बोथट होते आणि गोडी बहुधा पुरते. मुलांना कमीच वाटेल, बाजारच्या स्प्रेडची सवय असेल तर नक्कीच. त्यांच्यासाठी वेगळी बरणी न करता गोडकारक पहिल्यांदा ६० ग्रॅम ठेवा आणि पुढच्या घाण्यांमध्ये पाच-पाच ग्रॅमने उतरवा. आणि बाहेरच्या मुलांना देण्याआधी नटची अॅलर्जी नाही ना, ते त्यांच्या घरी विचाराच.

टिकण्याबद्दल: या स्प्रेडमध्ये पाणी जवळजवळ नसल्यामुळे त्यात जंतू वाढू शकत नाहीत. तो कुजत नाही, खवट होतो. काचेची कोरडी बरणी, अंधार, कोरडा चमचा, एवढं पाळलं तर बाहेर तीन-चार आठवडे आणि फ्रीजमध्ये दोन महिने मी आरामात ठेवते. फ्रीजमधला अर्धा तास आधी बाहेर काढायचा. ओला चमचा बुडाला की ही सगळी गणितं रद्द.

राहिली तुमच्या फ्रीजमधली कचकचणारी बरणी. ती टाकू नका. १५० ग्रॅम हेझलनट भाजून, सोलून, ओघळेपर्यंत वाटा, कोमट केलेला जुना स्प्रेड त्यात घालून चार-पाच मिनिटं फिरवा, १० ग्रॅम कोको बटर घाला आणि ढवळत गार करा. कचकच पूर्ण जाणार नाही, पण एरिथ्रिटॉलचं प्रमाण उतरल्यामुळे गारवा बराच कमी होईल. दुधाने झालेला गोळा पुन्हा कधी झाला तर त्याला उलटी वाट दाखवा: गरम दूध एकेक चमचा घालत जोरात घोटा. आधी आणखी आवळेल, मग फुटल्यासारखा दिसेल, आणि पुरेसं दूध गेलं की एकदम मऊ, चकचकीत क्रीम होईल. ते फ्रीजमध्येच ठेवायचं आणि चार-पाच दिवसांत संपवायचं. त्या क्रीममध्ये गोडकारक अॅल्युलोज असेल तर उत्तम. एरिथ्रिटॉल दुधात विरघळेल खरं, पण फ्रीजमध्ये त्याचे खडे परत जमतील.